‘फाइन’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय? समानार्थी शब्द सांगाल का?

एका शब्दात सांगता येणार नाही. छान म्हणजेही ‘फाइन’ आणि दंड म्हणजेही ‘फाइन’!

विशेषण असेल तर उत्तम, सुरेख, सुबक. पण कापडाबद्दल बोलत असाल तर तलम, पिठाबद्दल असेल तर बारीक, हवेबद्दल असेल तर स्वच्छ, निरभ्र. ‘फाइन आर्ट्स’ म्हणजे ललित कला. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातल्या बारीक अक्षरांतल्या अटी, ज्या आपण कोणीच वाचत नाही.

नाम असेल तर दंड आणि क्रियापद असेल तर दंड ठोठावणे. इंग्रजीतला जवळचा शब्द ‘पेनल्टी’, मात्र त्याचा आवाका मोठा. फुटबॉलमध्ये पेनल्टी मिळते, तिथे ‘फाइन’ चालत नाही.

आता गंमत. हे दोन्ही अर्थ लॅटिनमधल्या ‘फीनिस’ या एकाच शब्दातून आले. त्याचा अर्थ शेवट, सीमा. एखादी गोष्ट शेवटापर्यंत, म्हणजे पूर्णत्वाला नेली की ती उत्तम. आणि प्रकरण संपवायला भरायची रक्कम म्हणजे दंड. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ही याच कुटुंबातले.

‘आय अ‍ॅम फाइन’चं भाषांतर मात्र ‘मी उत्तम आहे’ असं करू नका. ‘मी बरा आहे’ किंवा नुसतं ‘ठीक’ पुरतं. आणि समोरच्याने भांडणाच्या मध्येच तुटकपणे ‘फाइन!’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘बरं बाई, कर तुझ्या मनासारखं’ असा. तिथे छान काहीच नसतं.