तिकडे एकदाच विचारतात

"मॅडम, इथे कुणाला माझं काही पडलेलंच नाही. माझ्यातच काही खोट आहे का?"

जर्मनीतल्या आखनहून बोलणारी, एमएस करणारी मुलगी, मूळची कराडकडची. (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.) डिसेंबर होता. माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे पाच. पण तिच्या खिडकीतही अंधार पडत आलेला.

आधी झोप, जेवण, अभ्यास विचारून घेतलं. त्या अंधारानेही मन खचतं, सगळंच संस्कृतीच्या खात्यावर टाकून चालत नाही. दोन आठवडे अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, तर तिथल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात, त्यांना गाठायचं. हिचं तसं नव्हतं. मी "मोकळेपणाने बोल त्यांच्याशी" असा सल्ला देऊन बसले. अगदी बिनकामाचा. पुढच्या वेळी म्हटलं, "एक प्रसंग सांग."

तिने पास्त्याचा सांगितला. सोबत दोन जर्मन मुली राहतात. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. एका रात्री एकीने विचारलं, "पास्ता खाणार?" ही म्हणाली, "नको." "बरं," म्हणत तिने उरलेला पास्ता डब्यात भरला आणि झाकण लावलं. टक्!

"भूक होती?"

"सडकून."

"मग नको का म्हणालीस?"

"अहो, लगेच हो कसं म्हणायचं?"

आपल्याकडे पहिलं 'नको' हा नकार नसतोच. यजमानाने आग्रह धरायचा, आपण पानावर हात आडवा धरायचा आणि तरी वाढलेलं खायचं. त्या मुलीच्या लेखी मात्र नको म्हणजे नको. पुन्हा विचारलं तर समोरच्याच्या शब्दाला किंमत न दिल्यासारखं.

वाढदिवसाचंही तेच. ही दिवसभर वाट पाहत बसली, रात्री एकटीच रडली. मी गृहपाठ दिला: भूक असेल तर पहिल्याच विचारण्याला हो म्हण, आणि वाढदिवसाचं त्यांनाच विचार. कळलं ते असं, की तिकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, बोलवायचं. हिने काहीच काढलं नाही, म्हणजे हिला साजरा करायचा नसेल, असं त्या समजल्या होत्या.

आईचा वेगळा फोन आला होता, "परत बोलावून घेऊ का?" त्यांना म्हटलं, ती रडली की लगेच तिकिटाचं काढू नका. रडायची सोय राहू द्या.

जूनमध्ये आई स्वतःच तिकडे जाऊन आल्या. पुरणपोळ्या केल्या, त्या दोघींनाही बसवलं. एकीने दुसऱ्या पोळीनंतर हात आडवा धरला. आईंनी हाताच्या बाजूने तिसरी सरकवली, वर तूप. तिने निमूट खाल्ली आणि नंतर हिला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "तुझ्या आईला कमी ऐकू येतं का?"