तिकीट आहे, टोकन नाही

प्रश्न : महाविद्यालयाच्या लॅबसाठी ओपनएएफएस (नेटवर्कवरून फायली वाटणारी प्रणाली) बसवलं आहे, लॉगिनसाठी एमआयटी केरबेरॉस (ओळख पटली की 'तिकीट' देणारी सेवा). तिकीट घेणारं 'केइनिट' चालतं, 'केलिस्ट'मध्ये तिकीट दिसतं. तरी होम फोल्डर उघडला की 'परमिशन डिनाइड'. वैतागून 'सीएचमॉड ७७७' केलं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी दिली, तरी तेच. कुठे चुकतंय?

उत्तर : सीएचमॉडचा नाद आधी सोडा. फोल्डरवरच्या त्या परवानगीच्या बिटांकडे एएफएस बघतच नाही. फायलींच्या बाबतीतही फक्त मालकाचे बिट मोजतं.

पहिल्यांदा 'टोकन्स' ही कमांड चालवा. यादी रिकामी आली तर उत्तर मिळालं. एएफएसचा क्लायंट कर्नलमध्ये बसतो, तुमच्या तिकिटांच्या फायलीत तो डोकावत नाही. 'एकेलॉग' चालवलं की एएफएस सेवेचं तिकीट मागवलं जातं आणि टोकन म्हणून कर्नलच्या हवाली होतं. तोवर सर्व्हरच्या लेखी तुम्ही अनोळखीच. लॉगिनबरोबर हे आपोआप व्हावं म्हणून पॅमचं (लिनक्सच्या लॉगिन-व्यवस्थेचं) एएफएस-सेशन मॉड्यूल लावतात. पासवर्डाऐवजी पब्लिक कीने एसएसएच करणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तिथे मुळात तिकीटच तयार होत नाही.

टोकन दिसतं, पण पहिल्याच 'एलएस'ला बाद होतं? मग 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश) बघा. टोकन टाकून दिल्याची ओळ आणि तिच्यात १९२७०४०८ हा आकडा असेल, तर एएफएस सेवेच्या गुप्त कीची केरबेरॉसमधली आणि सर्व्हरवरची आवृत्ती जुळत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी केरबेरॉसच्या 'केअ‍ॅडमिन'मध्ये 'केटीअ‍ॅड' (की कीटॅब नावाच्या फायलीत काढणारी कमांड) दुसऱ्यांदा चालवलेलं असतं. ही कमांड की नुसती काढून देत नाही, नवी बनवते. आवृत्ती एकाने पुढे जाते आणि सर्व्हरवर जुनीच राहते. 'केव्हीएनओ' (केरबेरॉसमधली आवृत्ती) आणि 'असेटकी लिस्ट' (सर्व्हरवरची) यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. ओपनएएफएसच्या १.८ मालिकेत नवी कीटॅब 'एकीकन्व्हर्ट'मधून काढून घ्या. तयार झालेली की-फाइल सेलमधल्या (तुमच्या एएफएस यंत्रणेतल्या) झाडून सगळ्या सर्व्हरवर गेली पाहिजे. एखादा राहिला, तर काही फोल्डर उघडतात, काही नाहीत, आणि शोधता शोधता दिवस जातो. घड्याळंही एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर) बांधा. केरबेरॉस ५ मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही.

टोकन टिकतं तरीही नकार येत असेल, तर 'एफएस लिस्टएसीएल' चालवून फोल्डरची एसीएल, म्हणजे कुणाला कोणते हक्क याची यादी, बघा. नव्या व्हॉल्यूमच्या (एएफएसमधल्या साठवणीच्या एककाच्या) मुळाशी फक्त 'सिस्टिम:अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स'ला हक्क असतात. होम व्हॉल्यूम बनवून 'एफएस सेटएसीएल' करायचं राहून गेलं, की नेमकं तुमच्यासारखं होतं. विद्यार्थ्याला त्याच्या होमवर सातही हक्क (आर-वाचणं, एल-यादी बघणं, आय-नवं टाकणं, डी-काढणं, डब्ल्यू-लिहिणं, के-लॉक करणं, ए-एसीएल बदलणं) द्या. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर 'एल' हवाच. नवा उपफोल्डर जन्मताना आईची एसीएल उचलतो. नंतर वर केलेला बदल आपोआप खाली झिरपत नाही. आणि 'सिस्टिम:एनीयूजर'ला 'आर' देताना दोनदा विचार करा, त्यात बिनटोकनचे लोकही येतात. लॅबपुरतं 'सिस्टिम:ऑथयूजर' (फक्त टोकनवाले) पुरे.

प्रश्न : सॉफ्टवेअरच्या व्हॉल्यूममध्ये नवी फाइल टाकली. मला दिसते, विद्यार्थ्यांना नाही.

उत्तर : त्या व्हॉल्यूमच्या फक्त-वाचनाच्या प्रती केलेल्या दिसतात. तुम्ही सेलच्या नावाआधी टिंब असलेल्या वाटेने गेलात, म्हणजे मूळ व्हॉल्यूमवर. विद्यार्थी साध्या वाटेने प्रतीवर जातात, आणि प्रत 'व्हॉस रिलीज' (मूळ व्हॉल्यूम प्रतींवर उतरवणारी कमांड) केल्याशिवाय बदलत नाही. यात बिघाड काही नाही, उलट सोय आहे: अर्धवट बदललेलं सॉफ्टवेअर कुणाच्या हाती पडत नाही.

प्रश्न : एएफएसचे डेटाबेस सर्व्हर (यूजर आणि व्हॉल्यूमच्या नोंदी ठेवणारे) दोन ठेवले तर चालतील?

उत्तर : तीन ठेवा. लिहायला बहुमत लागतं आणि सर्वांत लहान आयपीच्या सर्व्हरला अर्धं मत जास्त असतं. दोघांत तो लहान आयपीचा बंद पडला, की उरलेला एकटा बहुमत गाठू शकत नाही. वाचन चालू राहतं. नवे यूजर आणि व्हॉल्यूम अडतात. तिसरा जोडताना सगळ्या सर्व्हरवरचं 'सेलसर्व्हडीबी' (डेटाबेस सर्व्हरांची यादी) बदला, डेटाबेस प्रोसेस रीस्टार्ट करा आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ७००२, ७००३ उघडा. क्लायंटच्या बाजूचा ७००१ही उघडा असू द्या: दुसऱ्याने फाइल बदलल्याचा निरोप सर्व्हर त्याच पोर्टवर पाठवतो.