बीबीएल होऊन बारा दिवस झालेत, स्कूटरवरून ऑफिसला जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की बीबीएल, म्हणजे पोटाकमरेची चरबी काढून नितंबांत भरायचं ऑपरेशन, होऊन बारा दिवस झालेत, कोथरूडहून हिंजवडीला ॲक्टिवावर जायचंय, मेडिकलमधून रिंग उशी आणली आहे, आणि जिम कधीपासून करू? ॲक्टिवा आत्ता अजिबात नाही. जिमचं पुढे सांगते. आधी ती रिंग उशी कपाटात टाका.

ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी हे माझं रोजचं काम, आणि या उशीवरून मेडिकलवाल्यांशी, पेशंटच्या घरच्यांशी माझं कायम वाजतं. ती उशी मूळव्याधीसाठी किंवा दुखऱ्या माकडहाडासाठी असते. मधल्या भोकामुळे तेवढा भाग मोकळा राहतो आणि सगळं वजन कडेवर येतं. त्या कडेवर टेकतात ते नेमके नितंबच. "मऊ आहे ना, मग काय होतंय" हे मला दर वेळी ऐकवलं जातं. मऊ असली तरी दाब पडतोच.

भरलेल्या चरबीला सुरुवातीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आजूबाजूच्या ऊतींतून जे झिरपेल त्यावर ती तग धरते, आणि बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरायला दिवस-आठवडे लागतात. या काळात तास-तास दाब पडला तर पेशी मरतात. मेलेली चरबी शरीर शोषून घेतं, नाहीतर तिथे कडक गाठ किंवा तेलाची पिशवी होते. म्हणून साधारण पहिले दोन आठवडे नितंबांवर बसणं बंद, आणि सहा ते आठ आठवड्यांपर्यंत बसायचं ते उशी घेऊनच. झोपायचं पालथं किंवा कुशीवर.

उशी लागते ती मांड्यांखाली. घट्ट फोमची हवी. नसेल तर जाड टॉवेलची घट्ट गुंडाळी करा. ती मांडीच्या मागच्या बाजूला ठेवायची, म्हणजे नितंब मागे अधांतरी राहतात. पाठीला वेगळा तक्क्या घ्या. बसल्यावर नितंब आणि खुर्ची यांच्यामधून तळहात सहज सरकला पाहिजे. अडकला तर उशी बसकी आहे किंवा फार मागे गेली आहे. आणि असं बसूनसुद्धा पंधरा-वीस मिनिटांनी उठून चालायचं, कारण मांडीमागच्या दाबाने पायातलं रक्त तुंबतं. घरून काम मिळत असेल तर लॅपटॉप सरळ ओट्यावर ठेवा आणि उभ्याने करा. कमोडवर बसायला हरकत नाही, पण पुढे झुकून आणि लवकर उठून. मोबाईल आत न्यायचा नाही. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू करा.

ॲक्टिवावर मांडीखाली उशी घेऊन तोल सांभाळता येत नाही, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला सगळं वजन नितंबांवर आदळतं. सहा-आठ आठवडे विसरा. रिक्षाचंही तेच. मेट्रोच्या वाटेवर असाल तर उभ्याने जा. कारमध्ये दोन आठवड्यांनंतर उशी आणि बेल्ट लावून जवळचं अंतर चालेल. स्वतः चालवायची तर गुंगीच्या गोळ्या बंद झालेल्या हव्यात आणि जोरात ब्रेक दाबता आला पाहिजे.

घरचे "दोन महिने पडून राहा" म्हणतात तेही ऐकू नका. चालणं ऑपरेशनच्या दिवसापासूनच हवं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. प्रेशर गारमेंट, म्हणजे ऑपरेशननंतर अंगावर घालायचा घट्ट कपडा, सहसा सहा आठवडे, अंघोळीपुरतंच काढायचं. सुरुवातीला ते काढताना चक्कर येऊ शकते, तेव्हा कुणालातरी जवळ ठेवा.

जिम: चौथ्या आठवड्यापासून उभ्याने हातांचे हलके व्यायाम. स्क्वॉट, लंजेस, धावणं, पर्वतीच्या पायऱ्या सहा ते आठ आठवड्यांनंतर. सायकल सगळ्यात शेवटी, कारण तिथे पुन्हा सीट आली. व्यायामाने भरलेली चरबी "जळून जाते" असं ट्रेनर सांगतात. तसं नाही, पण क्रॅश डाएटने वजन पाडलंत तर तीही आटेल. काही चरबी सगळं पाळूनही शोषली जाते आणि सूजही उतरते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात आकार कमी वाटला तर घाबरू नका. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. सिगारेट, तंबाखू, मिश्री मात्र पूर्ण बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, मिश्री दातांना लावली तरी.

हे सगळं चरबी भरलेल्यांसाठी. इम्प्लांट बसवलं असेल तर टाका दोन नितंबांमधल्या घडीत असतो, बसण्या-वाकण्याने तो उसवू शकतो, तिथे वेळापत्रक वेगळं. तुमच्या सर्जनने माझ्यापेक्षा जास्त दिवस सांगितले असतील तर त्यांचंच ऐका. आणि धाप लागली, छातीत दुखलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. ताप, एका जागी वाढती लाली, वास येणारा स्राव यांसाठी त्याच दिवशी सर्जनला गाठा.