कथेची पोच आली नाही तर ती दुसरीकडे पाठवावी का?

प्रश्न असा आहे: "मी जानेवारीत एका मासिकाला कथा पाठवली. सहा महिने झाले, पोचसुद्धा नाही. फोन केला तर वाईट दिसेल का? तीच कथा आता एखाद्या दिवाळी अंकाला पाठवली तर चालेल का? आणि कथा नाकारली गेली हे ओळखायचं कसं?"

पाठवा. पण आधी पहिल्या मासिकाला दोन ओळींचं पत्र टाका आणि मगच पाठवा.

खरं तर उत्तर इथे संपतं. पुढचं लिहितेय, कारण या दोन ओळी मी 1996 साली लिहिल्या नव्हत्या आणि त्याचा त्रास भलत्याच माणसाला झाला. शिवाय या विषयावर आमच्या गावातल्या साहित्य मंडळात माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते मला आजही मान्य नाही.

मी तेव्हा कऱ्हाडला एका शाळेत शिकवत होते. तोवर तीन-चार कथा छापून आल्या होत्या, दहा-बारा परत आल्या होत्या. ज्यांनी टपालाच्या काळात लिहिलंय त्यांना माहीत असेल, कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडावं लागे. म्हणजे नकार यायचा तो आपल्याच अक्षरात. मी शाळेत असताना टपाल सासूबाईंच्या हातात पडायचं. त्या चौथी शिकलेल्या, पण माझं अक्षर लांबून ओळखायच्या. मी घरी आले की दारातच सांगायच्या, "तुझ्याच अक्षरातलं आलंय गं." पुढे काही बोलायच्या नाहीत, चहा टाकायच्या. आत छापील चिठ्ठी असायची, 'साभार परत'. वाईट वाटायचं, पण कथा हातात असायची. रात्री पुन्हा वाचायची, पानं चुरगळली असतील तर पुन्हा लिहून काढायची आणि दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची.

मार्च 1995 मध्ये मी एक बावीस फुलस्केप पानांची कथा मुंबईच्या एका दिवाळी अंकाला रजिस्टर एडीनं, म्हणजे पोचल्याच्या सहीचं कार्ड परत येईल अशा टपालानं, पाठवली. नाव सांगणार नाही. एडीचं कार्ड सही होऊन परत आलं, म्हणजे पाकीट पोचलं. मे महिन्यात मी कार्ड टाकलं, "कथा मिळाली असेल, कृपया कळवावे." उत्तर नाही. जूनच्या शेवटी जोडकार्ड पाठवलं. नव्या वाचकांसाठी सांगते, जोडकार्ड म्हणजे एकाला एक जोडलेली दोन कार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर समोरच्यानं उत्तर लिहायचं, त्याचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. मी त्या दुसऱ्या कार्डावर माझा पत्ता तर घातलाच, शिवाय "स्वीकारली / नाकारली / विचाराधीन" असं लिहून ठेवलं. संपादकांनी फक्त एका शब्दावर खूण करायची होती.

ते कार्ड आलं नाही. 21 सप्टेंबर 1995 तर मला पक्का आठवतो, कारण गणपती दूध पितोय म्हणून सगळी गल्ली तांबे-पेले घेऊन देवळापुढे उभी होती. शाळा लवकर सुटली होती. मी त्या गर्दीतून वाट काढत घरी आले आणि सासूबाईंना विचारलं, काही आलंय का? त्या म्हणाल्या, "आज पोस्टमनपण रांगेत आहे."

दिवाळी आली. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून अंक विकत घेतला, अनुक्रमणिका पाहिली. माझी कथा नव्हती. आता सांगा, कोणताही शहाणा माणूस काय समजेल? एडी पोचली, दोन पत्रांना उत्तर नाही, ज्या अंकासाठी कथा पाठवली तो अंक निघाला आणि त्यात कथा नाही. मी समजले की नाकारली. पाकीट परत आलं नाही ते गहाळ झालं असेल.

जानेवारीत मी तीच कथा सांगलीच्या एका छोट्या दिवाळी अंकाला पाठवली. तो अंक एक निवृत्त शिक्षक एकटे काढायचे. 112 पानं, म्हणजे सोळा पानी सात फॉर्म (एकदम छापला जाणारा पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्म), आणि खर्च सराफ, पतसंस्था आणि साखर कारखान्यांच्या शुभेच्छांच्या जाहिरातींतून भागवायचा. त्यांचं उत्तर सतराव्या दिवशी आलं. अंतर्देशीय पत्र, तिन्ही बाजूंनी भरलेलं. कथा आवडली, पण शेवटची दोन पानं तुम्ही वाचकावर विश्वास नाही म्हणून लिहिलीत, असं त्यांनी लिहिलं होतं. आत्या पेटी उघडते तिथेच कथा संपते, पेटीत काय आहे ते तुम्ही का सांगता? मला आधी राग आला. मग मे महिन्याच्या सुट्टीत कथा तीनदा लिहिली. शेवटची दोन पानं गेली, त्यामुळे पहिली पाचही बदलावी लागली. ती कथा आज माझ्या नावावरची सर्वांत चांगली कथा आहे आणि त्यात त्या माणसाचा वाटा आहे.

1996 च्या दिवाळीत दोन्ही अंकांत कथा छापून आली. सांगलीत सुधारलेली, मुंबईत जुनी, बावीस पानांची.

नंतर कळलं ते असं. 1995 च्या अंकात मुंबईकरांची पानं भरली, जाहिराती उशिरा आल्या, फॉर्म वाढवणं परवडेना, म्हणून लांब कथा बाजूला काढल्या आणि पुढच्या वर्षासाठी राखून ठेवल्या. हे सगळीकडे होतं. लांब कथेला पान मिळणं शेवटच्या आठवड्यात ठरतं, तेव्हा आलेली एक पानभर जाहिरात चांगल्या कथेला बाहेर काढू शकते. त्यात गैर काही नाही. गैर हे की कथा राखून ठेवली हे त्यांनी मला कळवलं नाही. पोस्टकार्ड तेव्हा 15 पैशांना मिळायचं. आणि माझं तर पैसे भरलेलं कार्ड त्यांच्याकडे पडून होतं.

त्यांचं पहिलं पत्र मला एकवीस महिन्यांनी आलं, डिसेंबर 1996 मध्ये. "आपण लेखनव्यवहारातील संकेत मोडला आहे" अशी सुरुवात होती. मानधनाचा उल्लेख नव्हता, अंकाची प्रतही नव्हती.

पण मला लागलं ते दुसरीकडे. सांगलीच्या गुरुजींनी त्यांचा अंक एका दिवाळी अंक स्पर्धेला पाठवला होता. साहित्य अन्यत्र प्रसिद्ध झालेलं नसावं अशी तिथे अट होती. कोणी तरी मुंबईचा अंक परीक्षकांना दाखवला आणि गुरुजींचा अंक बाद झाला. ते एका रविवारी एसटीनं कऱ्हाडला आले, पिशवीतून दोन्ही अंक काढले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी सगळं सांगितलं, एडीचं कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, चूक त्यांची आहे. पण एक कार्ड तुम्ही पण टाकायला हवं होतं." जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जानेवारीत मी मुंबईला फक्त एवढं लिहायला हवं होतं, "आपल्याकडून उत्तर नाही, म्हणून मी कथा मागे घेत आहे." त्याची स्थळप्रत, म्हणजे स्वतःजवळची नक्कल, ठेवली असती तर मुंबईकरांना तोंड उघडायला जागा नव्हती आणि गुरुजींच्या हातात परीक्षकांना दाखवायला कागद असता.

आता मंडळाबद्दल. जानेवारीच्या मासिक बैठकीत आमच्या तेव्हाच्या कार्याध्यक्षांनी माझं नाव न घेता, पण माझ्याकडे बघत सांगितलं की नवोदितांना धीर राहिलेला नाही, 'सत्यकथा' मासिकाच्या काळी लेखक वर्ष वर्ष थांबायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसले. आज बसत नाही.

सत्यकथेचं नाव घेणाऱ्यांनी सत्यकथेत काय चालायचं तेही सांगावं. सत्यकथेचं 'साभार परत' प्रसिद्ध झालं ते कथा परत यायची म्हणून. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना पत्रं लिहायचे, कथेत कुठे काय कमी आहे ते सांगायचे, पुन्हा लिहायला लावायचे. अशा माणसांसाठी वर्षभर थांबणं म्हणजे एका वाचकाबरोबर काम करणं. त्यांच्या आवडीनिवडीवर लोक चिडलेही, 1969 मध्ये लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापितांविरुद्ध काढलेल्या छोट्या, अनियमित निघणाऱ्या अंकांच्या, तरुणांनी सत्यकथेच्या अंकाची होळीही केली. पण तो राग त्यांच्या उत्तरांवर होता. 1982 मध्ये सत्यकथा बंद झाली. लेखकानं थांबायचं ही पद्धत आपण तिथून उचलली, संपादकानं लिहायचं ही नाही उचलली. धीर दोन्हीकडून असतो. जो कळवत नाही त्याला माझा धीर मागायचा अधिकार नाही.

वेळ नसतो हे कारण मला सांगू नका. 2009 ते 2012 ही चार वर्षं मी एका दिवाळी अंकाच्या कथा वाचायचं काम केलं, शाळा सांभाळून. वर्षाला शंभरावर कथा यायच्या. गणपतीच्या आत प्रत्येकाला उत्तर गेलं. नकार असेल तर तीन ओळी, त्यातली एक त्या कथेबद्दल. रोज रात्री अर्धा तास लागायचा. आता तर तेवढाही लागत नाही, कथा ईमेलनं येते, "मिळाली" एवढा शब्द लिहायला कितीसा वेळ?

तुमच्या फोनबद्दल. करा. वाईट दिसत नाही. वाईट दिसलं तर अशा ठिकाणी कथा छापून आली काय आणि न आली काय. मात्र ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळी अंकाच्या कार्यालयात फोन करू नका, तेव्हा तिथे प्रुफं, जाहिराती आणि छापखाना याशिवाय कुणाला काही सुचत नाही. फोनवर "कशी वाटली" विचारू नका, "मिळाली का आणि निर्णय कधीपर्यंत होईल" एवढंच विचारा. आणि फोननंतरही जे ठरेल ते ईमेलवर लिहून पाठवा. फोनवरचं बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

दिवाळी अंकांची गोष्ट अशी की बरेच अंक जुलैअखेरपर्यंत मजकूर घेतात, पण चांगल्या अंकांतली निम्मी पानं निमंत्रित लेखकांसाठी आधीच गेलेली असतात. म्हणून अडीच-तीन हजार शब्दांची कथा पाठवा, ती कुठेही बसते. युनिकोडमध्ये पाठवा, पीडीएफ नको, डीटीपी करणाऱ्याच्या हातात त्याची अक्षरं तुटतात. कथेच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि "अन्यत्र प्रसिद्ध झालेली नाही, अन्यत्र पाठवलेली नाही" ही ओळ. ती ओळ खरी असली पाहिजे, आणि ती खरी ठेवायची म्हणून तर ते मागे घेण्याचं पत्र.

काही अपवाद सांगायला हवेत, वरचं वाचून तुम्ही घाई करू नये म्हणून. मासिकानं अंकातच छापलं असेल की स्वीकृती तेवढी कळवली जाईल, नकार कळवला जाणार नाही, अमुक महिने वाट पाहा, तर ती अट तुम्हाला माहीत होती आणि ती मुदत पाळा. स्पर्धेला पाठवलेली कथा निकाल लागेपर्यंत हलवू नका. आणि एखाद्या संपादकानं तुमच्या कथेवर काम केलं असेल, बदल सुचवले असतील, तर सहा महिने काय, दोन वर्षं लागली तरी त्याला विचारल्याशिवाय कथा दुसरीकडे नेऊ नका. एकट्यानं अंक काढणाऱ्यांना मी जास्त मुदत देते. ज्यांचा अंक चारशे पानांचा असतो आणि पहिल्या चाळीस पानांवर जाहिराती असतात, त्यांना देत नाही.

माझ्याकडे आजही एक वही आहे. कथा, कुठे पाठवली, तारीख, पोच, उत्तर, मागे घेतल्याची तारीख. शेवटचा रकाना 1997 पासूनचा आहे. गुरुजींना पुढच्या वर्षी मी नवी कथा पाठवली तेव्हा पत्राखाली लिहिलं होतं, ही कुठेही पाठवलेली नाही. त्यांनी ती नवव्या दिवशी स्वीकारली.

तुम्ही आज हे करा. त्या मासिकाला लिहा: "अमुक तारखेला अमुक नावाची कथा पाठवली होती. आपल्याकडून पोच आली नाही. पंधरा दिवसांत आपला निर्णय कळला नाही तर मी कथा मागे घेतली असे समजावे." ईमेल करा, पत्ता असेल तर स्पीड पोस्टनंही पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं उरलं नाही, 2025 मध्ये ते स्पीड पोस्टमध्येच मिसळलं. पावती जपून ठेवा. आज पाठवलंत तर जुलै संपायच्या आत तुमची कथा मोकळी होईल, आणि दिवाळी अंकाला पाठवताना या पत्राची प्रत हाताशी असू द्या.