बॉक्सिंगमध्ये फ्लॉइड मेवेदरचा ५०-० (५० विजय, एकही पराभव नाही) रेकॉर्ड मोठा की शुगर रे रॉबिन्सनचा, ज्यात १९ पराभव आहेत?

फोंड्यात आमच्याकडे सरावाला येणारी पोरंही हेच विचारतात. माझ्या मते रॉबिन्सन, आणि तेही निर्विवाद. फेब्रुवारी १९४३मध्ये जेक लामोटाने त्याला हरवलं, सलग ४० विजयांनंतरचा पहिला पराभव. तीन आठवड्यांत तो त्याच लामोटाला पुन्हा भिडला आणि जिंकला; मध्ये आणखी एक लढतही खेळला! दोघांच्या सहा लढतींपैकी पाच रॉबिन्सनच्या. असे जवळपास २०० सामने. मेवेदरचे ५० सामने १९९६ ते २०१७ एवढ्या काळात झाले, आणि पन्नासावा प्रतिस्पर्धी, मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा कॉनर मॅकग्रेगर, तर बॉक्सिंगमध्ये नवखाच होता. मेवेदरचा बचाव अप्रतिम, यात वादच नाही. पण शून्य बघण्याआधी समोर कोण होता आणि किती दिवसांनी, ते बघा.