पहिलीची मुलं वर्गात बोलतच नाहीत

प्रश्न : बाई, मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या शाळेवर पहिलीचा वर्ग मिळालाय. सगळी मुलं कोरकू. मैदानात अखंड बडबड, मी काही विचारलं की गप्प. घरी कोरकू, बाजारात हिंदी, पुस्तक मराठी. पालकसभेत एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, पोरगं शाळेत आलं की मुकं होतं." दिवाळीपर्यंत मुळाक्षरं कशी पूर्ण करू?
– एक शिक्षक

उत्तर : सर, मुळाक्षरांची घाई आधी सोडा. मराठी आणि हिंदी बहिणी-बहिणी आहेत. कोरकू त्या घरातली नाही. ती मुंडा या वेगळ्या भाषाकुळातली, संथाली भाषेच्या नात्यातली. तुमचं वाक्य त्या मुलांच्या कानावर नुसता आवाज म्हणून पडतं.

मीही चिखलदऱ्याकडे अशाच शाळेवर होते. चित्रांचा तक्ता टांगला, कुत्र्यावर पट्टी ठेवून विचारलं, "हे काय?" मागची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सिता." मला वाटलं, कुणाचं तरी नाव सांगतेय. "चूक, बस खाली," म्हटलं. ती संक्रांतीपर्यंत परत उठली नाही. कोरकूत कुत्र्याला सिता म्हणतात, हे मला खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. तिचा पडलेला चेहरा आजही डोळ्यांपुढे येतो.

म्हणून सांगते, तुमच्या शाळेतल्या मावशींना रोज अर्धा तास वर्गात बसवा आणि त्या सांगतील ते कोरकू शब्द लिहायला एक वही घाला. 'द' दप्तराचा नको, 'दा'चा घ्या. दा म्हणजे पाणी. 'स' सिताचा. अक्षर देवनागरीच, शब्द त्यांच्या घरचा. मराठी शब्द त्याच्या शेजारी हळूहळू येऊ द्या.

कुणी "तो शाळा" म्हटलं तर लाल रेघ मारू नका. कोरकूत नामांचा भेद सजीव-निर्जीव असा, स्त्रीलिंगी-पुल्लिंगी असा नाही. उलट 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक ही मुलं चटकन पकडतील. तो त्यांच्या भाषेत आहे, हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. तिथून सुरुवात करा, मुलांना हुरूप येईल.

केंद्रप्रमुखांनी अभ्यासक्रमाचं विचारलं तर राज्यघटनेतलं अनुच्छेद ३५०क दाखवा. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं त्यात आहे. २०२० चं शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत हेच म्हणतं. संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत गेली, कोरकू अजून बाहेर आहे. पण ३५०क ला अनुसूचीची अट नाही.

आणि त्या आजोबांना एका शनिवारी वर्गात बोलवा. कोरकूत गोष्ट सांगू दे त्यांना. मधेच थांबून "मग काय झालं?" विचारायला सांगा. नातू काय बोलतो ते तुम्ही दोघं मिळून ऐका.