कंपासपेटीतला पेढा

अगं ऐक, काल तुझ्या आईचा फोन आलेला, तुझ्या कंपासपेटीत कंदी पेढे सापडले म्हणून रडत होती आणि मला मेलीला हसूच येत होतं, कारण आठवीत मी हेच पेढे गादीखाली ठेवायचे, मुंग्या लागल्या म्हणून पकडले गेले.

आपल्याला टाईप वन डायबिटीस असला तरी पेढा खाल्लास त्याचं काही नाही गं. लपवून खाल्लास म्हणजे त्याचं इन्सुलिन घेतलं नाहीस, घोळ तिथं होतो. रात्री शुगर ३०० दिसली की सगळे तुझ्या जेवणाला दोष देणार, डॉक्टर डोस वाढवणार, आणि ज्या दिवशी पेढा नसेल त्या पहाटे शुगर उतरून तू घामाघूम होऊन उठणार.

आणि भाकरीचं. आत्या म्हणते ना, ज्वारी आहे, खा बिनधास्त? आत्याला टाईप टू आहे, गोळ्या घेते, आपलं शरीर इन्सुलिन बनवतच नाही जवळजवळ. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कार्ब, म्हणजे ज्याची रक्तात साखर होते तो भाग, असतात, आता आईला एका भाकरीचं पीठ काट्यावर ठेवायला सांग, ६०-६५ ग्रॅम भरेल, म्हणजे एका भाकरीत ४५ च्या आसपास कार्ब झाले. भाकरी सोडायची नाही, मोजायची आणि तेवढं इन्सुलिन घ्यायचं. चतुर्थीची साबुदाणा खिचडी तर उपवास कसला, कार्बचा डोंगरच आहे तो.

शुगर लो झाली तर मात्र पेढा नको हां! कॉलेजला असताना अजिंक्यताऱ्यावर चढताना माझे हात थरथरायला लागले, मीटरवर ५८, पिशवीत पेढेच होते, दोन खाल्ले आणि बसले वाट बघत, शुगर चढेचना, खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात सावकाश जाते हे तेव्हा कुठं माहीत होतं! शेवटी एका आजोबांनी लिंबू सरबत पाजलं. तेव्हापासून पर्समध्ये ग्लुकोज पावडर. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम, म्हणजे साखर असेल तर सपाट ३-४ चमचे पाण्यातून, १५ मिनिटांनी परत चेक.

अजून एक, आईला नाही सांगितलेलं. बारीक व्हायला कुणी इन्सुलिन चुकवतं असं तू मागे सहज विचारलंस, ते सहज नव्हतं ना? वजन उतरतं, पण कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसलं की चरबी जळून होणारं आम्ल, रक्तात वाढून थेट आयसीयू. डोक्यात आलं तर रात्री दोनला पण फोन कर मला.

रविवारी ये. राजवाड्यावर भेळ खाऊ, मीटर आणि इन्सुलिनचं पेन घेऊन ये, कार्बचा अंदाज आधी तू सांगायचा.

तुझी ताई